पुरवठा साखळी, लॉजिस्टिक्स आणि वाहतूक यांचे विद्यापीठीय शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की ठाणे, कळवा, ऐरोली, पनवेल, उरण या भागांतील विद्यार्थी व पालक या अभ्यासक्रमांविषयी चौकशी करू लागतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. जेथे नियम आहे तेथे नियम सांगितला आहे आणि जेथे माझे मत आहे तेथे ते मत म्हणूनच दिले आहे.

पुरवठा साखळी व्यवस्थापन, लॉजिस्टिक्स आणि वाहतूक यांत नेमका फरक काय?

नाशिकच्या द्राक्षांचे उदाहरण घेऊ. निफाडच्या बागेतून निघालेली द्राक्षे पॅकहाऊसमध्ये येतात, तेथे थंड करून शीत कंटेनरमध्ये भरली जातात, ट्रेलरने न्हावा शेव्याला पोहोचतात आणि जहाजाने रॉटरडॅमसारख्या बंदरात उतरतात. कंटेनर कोणत्या रस्त्याने, किती भाड्यात आणि किती तासांत न्यायचा, हा वाहतुकीचा प्रश्न आहे. त्याच प्रवासातील साठवण, तापमान, वेष्टन, सीमाशुल्काची कागदपत्रे, रिकाम्या कंटेनरची वेळेवर उपलब्धता आणि मालाचा माग या सगळ्यांची मोट बांधणे हे लॉजिस्टिक्सचे काम आहे. तिकडच्या खरेदीदाराला कोणत्या आठवड्यात किती माल हवा, त्यासाठी बागेची छाटणी केव्हा करायची, कोणत्या शेतकऱ्यांशी किती टनांचा करार करायचा, कीडनाशकांच्या अवशेषांची तपासणी केव्हा करून घ्यायची आणि भाव कोसळला तर तोटा कोणी सोसायचा, हे सारे ठरवणे पुरवठा साखळी व्यवस्थापनात येते. विद्यापीठांत हे तिन्ही विषय एकाच अभ्यासक्रमात कमीअधिक प्रमाणात शिकवले जातात, त्यामुळे पदवीच्या नावापेक्षा विषयांची यादी वाचून निर्णय घ्यावा.

ट्रक आणि गोदामांच्या कामासाठी पदवीची गरज काय?

हा प्रश्न बहुधा वडीलधाऱ्यांकडून येतो आणि तो रास्त आहे, कारण या व्यवसायात केवळ अनुभवावर मोठी झालेली कितीतरी माणसे आपल्याच भागात आहेत. तरीही पदवीचे कारण आहे, आणि माझ्या मते ते असे की या धंद्यात पैसा मुख्यतः माल थांबल्यावर जातो. माल कोठे थांबला, का थांबला आणि त्या थांबण्याची किंमत किती, हे शोधून काढणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे.

आयात केलेला 40 लाख रुपयांचा माल बंदरावर अडकला आहे असे समजा. त्यात गुंतलेल्या भांडवलावर वर्षाला 12 टक्के व्याज धरले तर केवळ व्याजापोटी रोज सुमारे 1,315 रुपये जातात. त्यावर मुदत संपल्यानंतर जहाज कंपनी आकारत असलेले डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचे शुल्क), यार्डातील जागेचे भाडे, खोळंबलेल्या ट्रेलरचा खर्च आणि कच्चा माल न पोहोचल्याने बंद राहिलेल्या यंत्राचे नुकसान चढत जाते. अनुभवी माणसाला यातला प्रत्येक खर्च ठाऊक असतो, पण ते सगळे एका कागदावर मांडून कोणता पर्याय स्वस्त पडेल हे सांगणारा माणूस दुर्मीळ असतो.

भिवंडीची गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर या गावांत गोदामे उभी राहिली त्यामागे मुंबई-आग्रा महामार्ग आणि मुंबईची जवळीक ही कारणे होतीच, पण मुंबई महापालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या क्षेत्रात माल साठवता येणे हेही मोठे कारण होते. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात गेली. करासाठी प्रत्येक राज्यात छोटे गोदाम ठेवण्याची गरजही त्याबरोबर कमी झाली. मग भिवंडीची गोदामे ओस पडायला हवी होती, पण घडले उलटेच. कंपन्या मोठी, उंच छताची, यांत्रिक हाताळणीची गोदामे शोधू लागल्या आणि बांधकाम पडघा, वडपे, कुकसे या दिशेने सरकले. एका करातील बदलाने नकाशा का बदलला आणि तरीही केंद्र तेच का राहिले, याचे उत्तर शोधायला अर्थशास्त्र, कायदा आणि भूगोल हे तिन्ही लागतात.

बारावीनंतर कोणते मार्ग आहेत?

पहिला मार्ग व्यवस्थापनाच्या पदवीचा आहे. बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले असून महाराष्ट्रात अशा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठी राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा होते. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो वाणिज्य शाखेच्या पदवीखाली ठेवला, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन महाविद्यालयांत प्रवेशाची पद्धत वेगळी असू शकते.

दुसरा मार्ग विशेष विद्यापीठांचा आहे. 2008 साली स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाचे मुख्यालय चेन्नईला आहे. बडोद्याचे गतिशक्ती विश्वविद्यालय हे रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीतील केंद्रीय विद्यापीठ असून तेथील बी.टेक.चे प्रवेश जेईई मेनच्या गुणांवर होतात. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सागरी विद्यापीठाचे एक संकुल आपल्याकडे नवी मुंबईत करावे येथे आहे आणि जुने लोक त्याला अजून टी. एस. चाणक्य म्हणूनच ओळखतात, परंतु तेथील शिक्षण प्रामुख्याने जहाजावरील अधिकारी घडवणारे आहे. जहाज चालवणे आणि जहाजाने जाणाऱ्या मालाचे नियोजन करणे ही दोन वेगळी करिअर आहेत आणि त्यांच्या वैद्यकीय अटीही वेगळ्या आहेत.

तिसरा मार्ग मला विशेष महत्त्वाचा वाटतो, आणि तो म्हणजे शिकाऊ उमेदवारीला जोडलेली पदवी. यात अभ्यासक्रमाचा काही काळ विद्यार्थी प्रत्यक्ष कंपनीत काम करतो, त्याला विद्यावेतन मिळते आणि त्या कामाचे श्रेयांक पदवीत धरले जातात. लॉजिस्टिक्स क्षेत्रासाठीची कौशल्य परिषद अनेक महाविद्यालयांबरोबर असे अभ्यासक्रम चालवते. ज्या घरात तीन वर्षांचे शिक्षण म्हणजे तीन वर्षांची थांबलेली कमाई असते, त्या घरासाठी हा मार्ग विचारात घेण्यासारखा आहे.

पदवीनंतर कोठे शिकता येईल?

पवईची निटी ही संस्था 1963 पासून औद्योगिक अभियांत्रिकीसाठी ओळखली जात होती आणि 2023 मध्ये तिचे आयआयएम मुंबईत रूपांतर झाले. तेथे परिचालन व पुरवठा साखळी व्यवस्थापनाचा स्वतंत्र एमबीए आहे आणि प्रवेशासाठी कॅट द्यावी लागते. राज्यातील इतर व्यवस्थापन संस्थांसाठी एमबीए सीईटी असते, आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी पुरवठा साखळी हा दुसऱ्या वर्षी निवडायचा विषय असतो.

अभियांत्रिकीच्या पदवीधरांनी आयआयटी मुंबईतील औद्योगिक अभियांत्रिकी व परिचालन संशोधन आणि स्थापत्य विभागातील वाहतूक प्रणाली अभियांत्रिकी हे दोन पर्याय पाहावेत. तेथील एम.टेक.साठी गेट ही परीक्षा द्यावी लागते. शहराच्या रस्त्यांचे, मेट्रोचे आणि मालवाहतुकीचे नियोजन ज्यांना करायचे आहे, त्यांच्यासाठी दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये वाहतूक नियोजनाची पदव्युत्तर पदवी आहे.

माझे गणित कच्चे आहे. मला हा विषय झेपेल का?

पदवीच्या पातळीवर लागणारे गणित दहावीच्या गणितापासून फार दूर नाही. सरासरी, टक्केवारी, वर्गमूळ, संभाव्यतेची मूलतत्त्वे आणि आलेख वाचण्याची सवय एवढ्यावर पहिली दोन वर्षे निभावतात. अडचण आकडेमोडीपेक्षा मांडणीची असते, आणि म्हणून एक उदाहरण येथे पुरते सोडवून दाखवतो.

ठाण्यातील एका औषध वितरकाला वर्षाला एका औषधाची 12,000 खोकी लागतात. प्रत्येक वेळी माल मागवण्याचा खर्च, म्हणजे गाडीभाडे, उतरवणावळ आणि नोंदी मिळून, 600 रुपये येतो. एक खोके वर्षभर साठवून ठेवण्याचा खर्च, म्हणजे जागेचे भाडे, व्याज आणि खराबी मिळून, 40 रुपये पडतो. एका वेळी किती खोकी मागवावीत? वर्षाच्या मागणीला मागवण्याच्या खर्चाने आणि मग दोनने गुणायचे, साठवणुकीच्या खर्चाने भागायचे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढायचे. येथे भागाकार 3,60,000 येतो आणि त्याचे वर्गमूळ 600 येते. एका वेळी 600 खोकी, म्हणजे वर्षाला 20 खेपा. मागवण्याचा वार्षिक खर्च 12,000 रुपये होतो आणि सरासरी 300 खोकी गोदामात राहत असल्याने साठवणुकीचा खर्चही 12,000 रुपयेच होतो. हे दोन्ही खर्च जेथे सारखे होतात तेथे एकूण खर्च सर्वांत कमी असतो. हे सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने 1913 मध्ये मांडले आणि आजही ते पहिल्या सत्रात शिकवले जाते.

सूत्र पाठ करणारा विद्यार्थी येथे थांबतो. विषय कळलेला विद्यार्थी पुढे विचारतो की औषधाची मुदत किती, पावसाळ्यात घाट बंद झाला तर काय, आणि ट्रकमध्ये 800 खोकी मावत असताना 600 वर गाडी अर्धवट का पाठवायची. हे प्रश्न ज्याला सुचतात त्याने गणिताच्या भीतीने मागे फिरू नये.

कागदपत्रे आणि कायदे यांवर एवढा भर का असतो?

मे 2025 मध्ये विमानाने अमेरिकेला गेलेल्या भारतीय आंब्यांच्या किमान 15 खेपा कागदपत्रांतील त्रुटींच्या कारणावरून तेथील अधिकाऱ्यांनी नाकारल्या. फळ परत आणण्याचा खर्च परवडणारा नसल्याने निर्यातदारांना ते नष्ट होऊ द्यावे लागले. आंब्यावर कीड रोखणारी विकिरण प्रक्रिया झाली होती, विमान वेळेवर पोहोचले होते आणि गिऱ्हाईकही तयार होते. या एका घटनेवर कागदपत्रांची अख्खी तासिका शिकवता येते.

या क्षेत्रात माल आणि कागद बरोबरीने प्रवास करतात. रस्त्याने जाणाऱ्या मालाबरोबर बीजक, बिल्टी (वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती) आणि ई-वे बिल (मालाच्या प्रवासाची वस्तू व सेवा करासाठीची ऑनलाइन नोंद) असते. आंतरराज्य वाहतुकीत मालाची किंमत 50,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर ई-वे बिल बंधनकारक असते आणि सर्वसाधारण मालासाठी दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. गाडी कसाऱ्याला बंद पडली आणि मुदत वाढवून घेतली नाही, तर पुढच्या तपासणीत निर्दोष माल अडकतो. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालासाठी शिपिंग बिल (निर्यातीसाठी सीमाशुल्काकडे द्यायचे विवरण), बिल ऑफ लेडिंग (माल घेतल्याची जहाज कंपनीची पावती), उगमाचा दाखला आणि विमापत्र लागते. खरेदीदार व विक्रेता यांच्यात जोखीम कोणत्या क्षणी हस्तांतरित होते हे इन्कोटर्म्स, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारातील प्रमाणित संज्ञा, ठरवतात, आणि त्यांच्या 2020 च्या आवृत्तीत अशा 11 संज्ञा आहेत. एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विक्रेत्याचा) आणि सीआयएफ (पुढचे भाडे व विमाही विक्रेत्याचा) यांतला फरक परीक्षेत चार गुणांचा असतो, पण जहाजावर आग लागली तर तो कोट्यवधींचा होतो.

कायद्यांच्या बाबतीत एक काळजी घ्यावी. 2025 मध्ये संसदेने बिल ऑफ लेडिंग, समुद्रमार्गे मालवाहतूक आणि व्यापारी नौवहन यांविषयीचे नवे कायदे संमत केले. त्यांनी अनुक्रमे 1856, 1925 आणि 1958 च्या कायद्यांची जागा घेतली आहे. जुन्या नोट्सच्या छायाप्रतींवर विसंबून राहणाऱ्यांनी आपली नोंदवही तपासून घ्यावी. महाराष्ट्रात शिकणाऱ्याला 1969 चा माथाडी कायदाही माहीत असलाच पाहिजे. पाठीवरून माल उचलणाऱ्या कामगाराला हक्काची मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि वैद्यकीय सोय मिळावी यासाठी अण्णासाहेब पाटील यांनी जो लढा दिला, त्यातून हा कायदा उभा राहिला. गोदामाचा खर्च मोजताना हमालीला निव्वळ एक आकडा समजणारा व्यवस्थापक मला अपुरा वाटतो.

ठाणे-नवी मुंबईत राहून हा विषय शिकण्याचा काही खास फायदा आहे का?

आहे, आणि तो इतका मोठा आहे की येथील विद्यार्थ्यांनी त्याचा पुरेसा उपयोग करून घेतला नाही तर मला मनापासून वाईट वाटते. न्हावा शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले आणि आज ते वर्षाला वीस फुटी मापाच्या 60 लाखांहून अधिक कंटेनरांची हाताळणी करते. 12 जानेवारी 2024 पासून उपनगरी रेल्वे थेट उरणपर्यंत जाते. बंदराच्या आत जाण्यास परवानगी लागते आणि ती महाविद्यालयामार्फत मागावी, पण द्रोणागिरी परिसरात रस्त्याच्या दुतर्फा असलेली कंटेनर यार्डे, रिकाम्या कंटेनरांच्या थप्प्या आणि ट्रेलरच्या रांगा बाहेरूनही पाहता येतात. रांगेतल्या चालकाशी अदबीने बोलावे. गाडी केव्हापासून उभी आहे, कोणत्या कागदासाठी उभी आहे आणि या वेळेचे पैसे त्याला मिळतात का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी वर्गात शिकलेल्या प्रतीक्षेच्या सिद्धांताला, म्हणजे रांगांच्या गणिताला, अर्थ येतो.

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पहाटे जावे. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे पाच बाजार एकाच परिसरात आहेत आणि प्रत्येकाची घाई वेगळी आहे. भाजी दुपारपर्यंत विकली गेली नाही तर तिचे मोल जाते, मसाल्याला मात्र महिनाभरही कळ काढता येते. नाशवंतपणानुसार साखळीची रचना कशी बदलते हे याहून स्पष्ट कोठेही दिसणार नाही. आंब्याच्या हंगामात निर्यातीची प्रक्रियाही येथेच समजून घेता येते. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवर विकिरण करावे लागते, जपानसाठी उष्ण बाष्पाची आणि युरोपसाठी गरम पाण्याची प्रक्रिया असते. फळ एकच, पण प्रत्येक देशासाठी त्याची वाट निराळी.

तळोजा औद्योगिक क्षेत्रात रसायनांच्या टँकरवरील धोक्याच्या पाट्या वाचायला शिकावे आणि चालकाजवळ असणाऱ्या ट्रेम कार्डावर (अपघात झाल्यास घ्यायच्या काळजीचे पत्रक) काय लिहिलेले असते ते पाहावे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्याजवळ थोडा वेळ थांबले की जादा भाराचा प्रश्न पुस्तकाबाहेर येतो.

आणि घोडबंदर रस्ता तर आपल्या दारातच आहे. न्हावा शेव्याहून गुजरातकडे जाणारी अवजड वाहने कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बाह्यवळण, खारेगाव या मार्गाने येऊन ठाण्यातून पुढे जातात आणि शहरात त्यांना ठराविक वेळेतच प्रवेश असतो. कोंडीत अडकलेल्या ठाणेकराला ट्रकचा राग येतो, हे स्वाभाविक आहे. पण प्रवेशबंदीच्या काळात शहराबाहेर उभ्या राहिलेल्या त्या ट्रकांचे तास कोणाच्या हिशेबात धरले जातात? वेळ बदलली, मार्ग बदलला किंवा माल रेल्वेवर गेला तर काय होईल? उत्तर प्रदेशातील दादरी ते न्हावा शेव्याचे बंदर (जेएनपीटी) असा सुमारे 1,500 किलोमीटरचा, केवळ मालगाड्यांसाठीचा पश्चिम समर्पित मालवाहतूक रेल्वेमार्ग याच विचारातून आखला गेला असून त्यावर एकावर एक रचलेले दोन कंटेनर विजेच्या गाडीने नेता येतात. एका विद्यार्थ्याने घोडबंदरवर एक आठवडा वाहनांची नोंद केली तर तो प्रकल्प आंतरजालावरून उतरवलेल्या कोणत्याही प्रकल्पापेक्षा मोलाचा ठरेल.

नवे विमानतळ आणि वाढवण बंदर यांमुळे संधी वाढतील का?

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि औषधे, फळे, इलेक्ट्रॉनिक वस्तू यांसारख्या घाईच्या मालासाठी तो महत्त्वाचा ठरेल. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. तेथे मोठी कंटेनर जहाजे लागतील आणि त्याभोवती रोजगारही येईल, परंतु डहाणू परिसरातील मच्छीमारांचा या प्रकल्पाला अनेक वर्षांपासून विरोध आहे. नवी मुंबई आणि बंदरासाठी जमिनी गेलेल्या उरण-पनवेलच्या प्रकल्पग्रस्तांचा इतिहास ज्या भागात घडला, तेथील विद्यार्थ्याने बंदर म्हणजे केवळ क्रेन आणि क्षमता असे मानू नये. जमीन, मासेमारी आणि पुनर्वसन हे नियोजनाचेच भाग आहेत.

वर्तमानपत्रात लॉजिस्टिक्सच्या खर्चाचे वेगवेगळे आकडे येतात. कोणता खरा मानावा?

भारतात हा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 13 ते 14 टक्के आहे असे अनेक वर्षे सांगितले जात होते आणि 17 सप्टेंबर 2022 रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाले तेव्हाही तोच आकडा चर्चेत होता. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालाने 2023-24 साठी तो 7.97 टक्के काढला. दोन आकड्यांमधले अंतर पाहून एकाला खोटे ठरवण्यापेक्षा मोजण्याची पद्धत कशी बदलली हे पाहावे. मुलाखतीत जुना आकडा ठोकून देणाऱ्या उमेदवारापेक्षा पद्धतीतला फरक सांगणारा उमेदवार लगेच उठून दिसतो.

हे क्षेत्र मुलींसाठी योग्य आहे का?

आहे. नियोजन, खरेदी, सीमाशुल्क, फ्रेट फॉरवर्डिंग (इतरांच्या मालाच्या वाहतुकीची व्यवस्था लावणे), माहितीचे विश्लेषण या कामांत स्त्रिया आहेतच आणि गोदामांच्या मजल्यावरही त्यांची संख्या वाढत आहे. पालकांची काळजी मुख्यतः रात्रपाळीची आणि प्रवासाची असते. ती काळजी झटकून न टाकता कंपनीला थेट विचारावे की घरापर्यंत वाहन आहे का, स्वच्छतागृह व विश्रांतीची जागा आहे का आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का. भिवंडीच्या आतल्या गावांत रात्री सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी असते, हे वास्तव आहे, आणि त्याची जबाबदारी मुलीवर न टाकता कंपनीवर टाकली पाहिजे.

वडिलांच्या दोन-तीन गाड्या आहेत. मुलाने शिकून धंद्यातच परत यावे का?

आपल्या देशात बहुसंख्य ट्रकमालकांकडे पाचपेक्षा कमी गाड्या असतात आणि त्यांची मुख्य अडचण परतीच्या भाड्याची व उधारीची असते. शिकलेल्या मुलाने आधी प्रत्येक गाडीचा किलोमीटरमागे खरा खर्च काढावा, ज्यात डिझेल, टोल, टायर, विमा, कर्जाचा हप्ता, चालकाचा पगार आणि गाडीची घटणारी किंमत हे सगळे असेल. कोणते भाडे नाकारायचे हे त्यातून कळते. मात्र परत येण्यापूर्वी त्याने दोन-तीन वर्षे दुसऱ्याकडे, शक्यतो मोठ्या माल पाठवणाऱ्या कंपनीच्या वाहतूक विभागात, काम करावे असा माझा आग्रह राहील, कारण भाडे ठरवणाऱ्याच्या बाजूने टेबल कसे दिसते हे घरी बसून समजत नाही.

मराठी माध्यमातून शिकलो आहे. इंग्रजीची अडचण येईल का?

ईमेल, करार आणि संगणक प्रणाली इंग्रजीत असतात, म्हणून लेखी इंग्रजी नीट यायला हवे आणि ते सरावाने येते. चालक, हमाल, अडते आणि गोदामाचे मुकादम यांच्याशी मराठी-हिंदीत सहज बोलता येणे हीदेखील या क्षेत्रातली खरी पात्रता आहे.

पदवी घ्यावी की व्यावसायिक प्रमाणपत्र?

पहिली पदवी हवीच, कारण तिच्यावाचून पुढची दारे बंद राहतात. प्रमाणपत्राचा उपयोग थोडा अनुभव आल्यावर अधिक होतो. सामग्री व्यवस्थापनासाठी भारतीय सामग्री व्यवस्थापन संस्था ही जुनी संस्था आहे आणि तिचे राष्ट्रीय मुख्यालय आपल्या सीबीडी बेलापूरलाच आहे. आंतरराष्ट्रीय स्तरावर सीपीआयएम (उत्पादन व साठ्याचे नियोजन), सीएससीपी (पुरवठा साखळी) आणि सीएलटीडी (लॉजिस्टिक्स व वितरण) ही प्रमाणपत्रे ओळखली जातात, पण त्यांचे शुल्क डॉलरमध्ये असते. नोकरी देणारी कंपनी ते भरणार असेल तोपर्यंत थांबणे शहाणपणाचे. सीमाशुल्काच्या कामात रस असणाऱ्यांनी 2018 च्या कस्टम्स ब्रोकर (सीमाशुल्कातून माल सोडवून देणारा दलाल) परवाना नियमांतील जी कार्डाची, म्हणजे अशा दलालाच्या कर्मचाऱ्यासाठीची, परीक्षा समजून घ्यावी. न्हावा शेव्याच्या परिसरात त्या कार्डाला प्रत्यक्ष किंमत आहे.

कोणती संगणक कौशल्ये शिकावीत?

एक्सेल उत्तम यावे, म्हणजे पिव्होट टेबल आणि लुकअप न अडखळता करता यावेत. त्यानंतर एसक्यूएल (माहितीसाठ्यातून हवी ती माहिती काढण्याची भाषा) आणि एखादी आलेख मांडणारी प्रणाली शिकावी. एसएपीच्या (कंपनीचे सारे व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) महागड्या खासगी वर्गांना पदवीच्या काळात घाईने पैसे भरू नयेत, कारण कंपनी आपली प्रणाली स्वतःच शिकवते.

सुरुवातीचा पगार किती असतो?

त्याचे एकच उत्तर देणे दिशाभूल करणारे ठरेल. आयआयएमचा पदवीधर आणि बीकॉम झालेला कागदपत्र सहायक यांची सुरुवात अगदी वेगळी असते. साध्या पदवीनंतरची पहिली नोकरी बहुधा डिस्पॅच, साठा नोंद किंवा निर्यात कागदपत्रे यांची असते आणि तिचा पगार माफक असतो. वाढ मात्र कामाच्या विविधतेवर अवलंबून असते. म्हणून पहिल्या नोकरीत थोड्या जास्त पगारापेक्षा जेथे खरेदी, साठा आणि वाहतूक या तिन्हींशी संबंध येतो ती जागा निवडावी.

शुल्काची सोय कशी होईल?

राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती योजनांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यासच मिळते, व्यवस्थापन कोट्यातून घेतल्यास मिळत नाही. घाईघाईने थेट प्रवेश घेऊन ही सवलत गमावणारी कुटुंबे दरवर्षी दिसतात, म्हणून पहिल्या फेरीची वाट पाहावी आणि उत्पन्नाचा व जातीचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा.

महाविद्यालय निवडताना कोणत्या गोष्टी विचाराव्यात?

इमारत पाहण्याआधी शिक्षकांची यादी मागावी आणि त्यांपैकी किती जणांनी बंदर, कारखाना, गोदाम किंवा वाहतूक कंपनीत प्रत्यक्ष काम केले आहे ते विचारावे. मागील तुकडीतील विद्यार्थ्यांची प्रकल्पांची शीर्षके पाहावीत. सगळी शीर्षके एखाद्या परदेशी कंपनीच्या अभ्यासाची असतील आणि भिवंडी, वाशी, तळोजा यांपैकी एकही नाव त्यांत नसेल तर सावध व्हावे. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असे सांगितले तर किती विद्यार्थी नोंदवले होते, किती जणांना कोणत्या पदावर घेतले आणि एक वर्षानंतर किती जण टिकले, असे विचारावे. मान्यता विद्यापीठाची आहे की केवळ खासगी संस्थेचे प्रमाणपत्र मिळणार आहे हे तंत्रशिक्षण परिषदेच्या व विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावे. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाबाबत तर त्या विशिष्ट वर्षाची मान्यता पाहणे गरजेचे आहे. शुल्काचे पूर्ण विवरण आणि प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल हे लेखी घ्यावे, आणि ते लेखी देण्यास जी संस्था तयार नसेल तेथे पैसे भरू नयेत.